हिंदी-मराठी चित्रपटांतील अपंग व्यक्तिरेखा

अंध, बहिऱ्या, चालता न येणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या पात्रांची चित्रपटांतील मांडणी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ७ होते. पडद्यावर त्यांतले चार-पाचच फिरून फिरून येतात. काळा चष्मा, कुबडी, चाकाची खुर्ची बघताक्षणी कळते, म्हणून लेखकाला ती सोयीची वाटते.

साचे जुने आहेत. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ अशा म्हणी भाषेत रुळल्या आहेत. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका येतात ते परमार्थाकडे पाठ फिरवलेल्या जिवाचे रूपक म्हणून. वाकड्या मनाला वाकडे शरीर जोडण्याचीही सवय आहे: व्यासांचा शकुनी लंगडा नाही, पण १९८८ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शन मालिकेने त्याला लंगडत चालवले आणि तोच शकुनी घरोघरी ठसला. दुसरा साचा चमत्काराचा. ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) आईची गेलेली दृष्टी साईबाबांच्या कृपेने परत येते. तिसरा साचा प्रेरणामूर्तीचा, आणि तो फसवा, कारण कौतुकासारखा दिसतो. अशा पात्राला साधा राग, आळस किंवा खोटे बोलण्याची मुभा नसते. पटकथा तपासताना एक प्रश्न पुरतो: अपंगत्व बाजूला ठेवले तर या माणसाला काय हवे आहे? उत्तर सापडत नसेल, तर पात्र अजून लिहूनच झालेले नाही.

सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मध्ये (१९८०) हे उत्तर सापडते. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अंधशाळेचा मुख्याध्यापक हट्टी आहे, मानी आहे, प्रेमातही अवघड आहे. मदत कुठे संपते आणि दया कुठे सुरू होते, यावरून त्याचे प्रेयसीशी बिनसते. त्यात दोष आहेत म्हणूनच तो खरा वाटतो. शाळेतली मुले म्हणून खरोखर अंध मुले घेतली होती, त्यामुळे वर्गातला वावरही शिकवल्यासारखा दिसत नाही.

बारकाव्यांत चुका ठरावीक असतात. अंध पात्र दोन्ही हात पुढे पसरून चालते. पांढरी काठी शिकलेला माणूस मात्र तिचे टोक खांद्यांपेक्षा थोड्या रुंद कमानीत डावी-उजवीकडे टेकवत जातो: उजवा पाय पुढे, तर टोक डावीकडे, म्हणजे पुढचे पाऊल पडणारी जागा आधी तपासली जाते. सोबत्याने त्याला दंड धरून ढकलायचे नसते. अंध व्यक्तीच सोबत्याचा दंड कोपराच्या वर धरते आणि अर्धे पाऊल मागे राहते, म्हणजे पायरी आली की सोबत्याच्या हालचालीवरून कळते. शिवाय बहुतेकांना थोडा उजेड, आकार किंवा रंग दिसतो. गच्च काळोख दाखवणारे दृश्य त्यातल्या थोड्यांचेच.

बहिरे पात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाचे ओठ वाचून सगळे समजते, हेही खोटे आहे. आरशासमोर ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून पाहावे. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. ओठ वाचणारा माणूस बरेचसे संदर्भावरून जुळवतो, आणि बोलणाऱ्याने मान वळवली की दुवा तुटतो. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. हिंदी वाक्यातल्या शब्दांना क्रमाने एकेक खूण लावली तर ती भाषाच राहत नाही. छायाचित्रणातली चूक त्याहून मोठी: भावनिक क्षणी कॅमेरा चेहऱ्यावर जातो, हात चौकटीबाहेर राहतात आणि संवाद कापला जातो. कमरेपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंतची जागा मोकळी हवी.

चाकाच्या खुर्चीबाबत गफलत नेपथ्याची असते. घराला तीन पायऱ्या, आणि पुढच्याच दृश्यात पात्र एकटे आत. सहा इंचाची एक पायरी धरली तर चढ दीड फूट. १ : १२ उताराने, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी धरून, त्याला अठरा फूट लांब रॅम्प लागतो. तो नसेल, तर पात्र आत कसे गेले हे पटकथेने सांगायला हवे. त्या अडचणीतच कितीतरी नाट्य पडून असते. तोतरेपणातही पहिले अक्षर यंत्रासारखे पुन्हा पुन्हा येत नाही. कधी आवाज अडकतो, कधी लांबतो, आणि गाताना बहुधा सरळ येतो.

भूमिका कोणाला द्यायची, हा खरा वादाचा मुद्दा. सुधा चंद्रन यांनी ‘नाचे मयूरी’त (१९८६) कृत्रिम पायाने नाचत स्वतःचीच कथा साकारली. मराठी ‘यलो’त (२०१४) डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःची भूमिका केली. ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) बास्केटबॉल संघातली पात्रे बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकारांनीच रंगवली. तरीही अपंग नायकाच्या भूमिकेला अपंग नट सहसा विचारात घेतला जात नाही. ‘असे नट मिळत नाहीत’ हे कारण अपुरे आहे. चाचणीची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सांकेतिक भाषेचा दुभाषा नाही, असे असेल तर ते येतील कसे?

‘आँख मिचौली’ या चित्रपटावरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी अपंगांच्या चित्रणासंबंधी तत्त्वे सांगितली. अपंगांना कमी लेखणारे शब्द टाळावेत, वैद्यकीय माहिती अचूक असावी, अपंग व्यक्तींचा लेखन-निर्मितीत सहभाग असावा. विनोदावर बंदी घातली नाही. अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंग माणसाला हिणवणारा विनोद यांत मात्र भेद केला. कथालेखकाला या निकालातला हाच भाग सर्वांत उपयोगी आहे.

प्रेक्षक म्हणून अपंग माणसाचा विचार फारच उशिरा झाला. माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपट सुगम करण्याची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये आणली. बहिऱ्यांसाठी पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरात संवादाइतकाच दारावरची थाप, दूरचा भोंगा यांचाही उल्लेख लागतो. अंधांसाठीचे ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसते ते सांगणारे निवेदन, दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेतच बसवावे लागते, म्हणून वाक्ये आखूड आणि वर्तमानकाळी असतात. त्यात ‘रमा दुःखी होते’ असे सांगू नये. ‘रमा पत्र घडी करून उशीखाली ठेवते’ असे म्हणावे, बाकीचे ऐकणाऱ्याला कळते.