प्लास्टिक रिसायकलिंग युनिट: कर्जाचा आणि नोंदणीचा अर्ज नेमका कुठे अडतो

वापरलेल्या प्लास्टिकचा दाणा काढायचं युनिट टाकायचं, चार-सहा जणांना कामाला लावायचं, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून (पीएमईजीपी) कर्ज मिळतं. उत्पादन उद्योगाला प्रकल्प खर्चाची मर्यादा 50 लाख. योजनेची मंजूर मुदत 2025-26 पर्यंतची आहे, म्हणून आधी पोर्टलवर अर्ज चालू आहेत का ते बघा. वय 18 पूर्ण, खर्च 10 लाखांवर गेला तर आठवी पास, आणि नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ. आधार, पॅन, जातीचा दाखला वगैरे नेहमीचंच.

शहरात अनुदान सर्वसाधारण गटाला 15 टक्के, महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, अपंग यांना 25 टक्के. ते रोख हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत तुमच्या नावावर अडकून राहतं, मग कर्जात वळतं होतं. या पैशातून मशीन घेऊ म्हणणाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडावा.

युनिट नवं हवं. भंगाराच्या दुकानामागे ग्राइंडर आधीच फिरत असेल तर ते जुनं युनिट, त्याला हे कर्ज नाही. रिसायकल प्लास्टिकच्या खाण्याच्या पदार्थांसाठीच्या पिशव्या किंवा डबे हे उत्पादनही या योजनेत चालत नाही. अर्जात उत्पादन काय, ते नीट लिहा.

आता खरी अडचण, म्हणजे जागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र (सगळे ‘कन्सेंट’च म्हणतात) जागेच्या कागदांवर उभं असतं, आणि भंगारवाल्यांची शेड बहुधा शेतजमिनीवर, नाहीतर तोंडी भाड्याने. अशा शेडचे कागद आणायचे कुठून, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. म्हणून सांगतो, मशीनचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी मालकाकडून बिगरशेती आदेश बघून घ्या आणि भाडेकरार नोंदणीकृत करा. प्लास्टिक धुणार असाल तर सांडपाण्याचं काय करणार, हेही त्याच वेळी ठरवा.

दुसरा घोळ आकड्यांचा. पीएमईजीपीच्या प्रकल्प खर्चात जमिनीची किंमत धरायची नाही. मंडळाची फी मात्र भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि तिच्यात जमीन, इमारत, मशिनरी सगळं येतं. लोक बँकेचाच आकडा मंडळाला देतात आणि शंकापत्र येतं. सीएकडून मंडळासाठी वेगळा दाखला घ्या. एकाच सरकारचे दोन आकडे कशाला, हे विचारायला तुम्ही पहिले नाही.

कन्सेंट आणि जिल्हा उद्योग केंद्राचं किंवा तत्सम अधिकृत नोंदणीपत्र असेल तरच प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, 2016 खाली रिसायकलर म्हणून नोंदणी होते. अर्ज नमुना 2 मध्ये. मंडळाने 90 दिवसांत निर्णय द्यायचा, पण हे दिवस अर्ज सर्व बाबतीत पूर्ण झाल्यापासून मोजतात. एक कागद राहिला की मोजणी सुरूच होत नाही, आणि लोक पावतीच्या तारखेवरून भांडत बसतात. पहिली नोंदणी एक वर्षाची, पुढची तीन वर्षांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची ईपीआर (विकलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची कंपन्यांवर असलेली जबाबदारी) नोंदणीही टाळू नका, कारण कंपन्यांना लागणारी प्रमाणपत्रं नोंदणीकृत रिसायकलरच देऊ शकतो.

वार्षिक अहवाल नमुना 4 मध्ये महापालिकेला, मंडळाला कळवून, 30 एप्रिलपर्यंत. इन्कम टॅक्सच्या मुदतीशी या तारखेचा काही संबंध नाही. मार्चअखेरच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि बिलं त्याच आठवड्यात फाईलला लावा.