‘सेव्हन सीटर घ्या, सगळं मावेल’: नाही मावत

दुसरं मूल झालं की हा सल्ला ठरलेला. पण सातही सीट उभ्या असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटरची (सीएनजीत त्यातच टाकी), ट्रायबरची ८४. म्हणजे जेमतेम दोन दप्तरं. तिसरी रांग दुमडली (ट्रायबरमध्ये काढून ठेवली) की ५५० आणि ६२५ लिटर मिळतात, पण माणसं पाचच.

खरी गोची चाइल्ड सीटची. आयसोफिक्सची, म्हणजे ती थेट गाडीला अडकवायच्या हुकांची, सोय बहुधा मधल्या रांगेत. तिथे सीट बसवली की ती बाजू पुढे दुमडता येत नाही, मागे जायची वाट बंद. म्हणून ती ड्रायव्हरच्या मागे लावा, फुटपाथकडची बाजू मोकळी ठेवा. शोरूमला जाताना स्वतःची चाइल्ड सीट आणि सगळ्यात मोठी बॅग न्याच. गुडघेदुखीवाल्या आजींना मात्र तिसऱ्या रांगेत चढवू नका.