कार्यालयीन लेखन (मराठवाडा)

नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या जागी, काम पुढे सरकावे म्हणून जे लिहिले जाते ते कार्यालयीन लेखन. अर्ज, पत्र, टिप्पणी, अहवाल, इतिवृत्त, ई-मेल, तक्रार आणि तक्रारीचे उत्तर हे त्याचे नेहमीचे प्रकार. ललित लेखनापासून ते एका गोष्टीने वेगळे पडते: वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला काहीतरी करायचे असते. सही, मंजुरी, दुरुस्ती, पाहणी किंवा माल रवाना. नेमके काय करायचे हे त्याला कळले नाही, तर मजकूर कितीही देखणा असला तरी कागद टेबलावरच राहतो.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत हे लेखन शिकवणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार दिसते. रात्रपाळीत मशीन का बंद पडले हे इथला तरुण फोनवर चार वाक्यांत बिनचूक सांगतो. तेच लिहून दे म्हटले की पानभर लिहितो आणि त्यात कारण सापडत नाही. याला आळस किंवा अडाणीपणा म्हणणे अन्याय आहे. कागदावरची भाषा या प्रदेशात पिढ्यानपिढ्या दुसऱ्या कुणाची तरी होती, आणि त्या परकेपणाची सवय अजून पुरती मोडलेली नाही.

पूर्वपीठिका

दप्तरी लेखनाचा विचार मराठवाड्याला नवा नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, महादेव आणि रामदेवराय यांच्या काळात (तेरावे शतक), हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य अधिकारी होता. मोडी लिपी प्रचारात आणल्याचे श्रेय परंपरा त्यालाच देते, आणि पत्र कुणाला कोणत्या मायन्याने लिहावे याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ही त्याच्याच नावावर सांगितले जाते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती कार्यालयीन लेखनाची नियमपुस्तिका होती.

पुढे निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फारसीत चालले आणि १८८०च्या दशकात ते उर्दूत आले. हैदराबादला १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. अर्जदार मराठी बोलणारा आणि अर्ज उर्दूत, त्यामुळे मध्ये अर्जनवीस बसलेला. त्या काळातल्या सामान्य माणसाला कागद लिहिणे म्हणजे कुणाला तरी पैसे देऊन लिहवून घेणे असेच वाटत असणार. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्यात. त्याच वर्षी राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ने मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि पदनामांचे, शासनव्यवहाराचे कोश हाताशी आले.

जुने दप्तर मात्र संपलेले नाही. जमिनीच्या वादात खासरा पत्रक, पाहणीपत्रक (जमीन आणि पिकांच्या जुन्या नोंदी), इनामाचा मुंतखब (इनाम मान्य केल्याचा निजामकालीन दस्त) आजही काढावा लागतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पुन्हा सर्वांना कळली. अर्ज, मसुदा, दाखला, तारीख, रजा, हजेरी हे शब्द तर इतके मुरले आहेत की ते फारसी-अरबीकडून आले हे सांगावे लागते. माझ्या मते ही मोठी जमेची बाजू आहे. ‘मसुदा’ शिपायापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतो. त्याच्या जागी घडवलेला जड संस्कृत शब्द बसवला की वाचणारा अडखळतो.

कचेरीतला कागद

सरकारी पत्राचा साचा ठरलेला असतो: जावक क्रमांक, दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, ‘महोदय’, मजकूर, सही, आणि खाली प्रतिलिपी. नवा लिपिक हा साचा जुनी फाईल समोर ठेवून शिकतो. साचा येतो, पण तो कशासाठी आहे हे कुणी सांगत नाही. ‘विषय’ ही ओळ आवक लिपिकासाठी असते. तेवढी वाचून कागद कोणत्या टेबलाला द्यायचा हे तो ठरवतो. ‘अर्ज सादर करणेबाबत’ असा विषय लिहिला तर त्याला काहीच कळत नाही, कारण समोर आलेला प्रत्येकच कागद अर्ज असतो. ‘संदर्भ’ ही ओळ जुना कागद शोधायला असते, म्हणून तिच्यात क्रमांक आणि तारीख दोन्ही लागतात.

अतिवृष्टीनंतर तहसीलला येणारा अर्ज साधारण असा असतो: ‘मी एक गरीब शेतकरी असून माझे अतोनात नुकसान झालेले आहे, तरी मेहरबान साहेबांनी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला न्याय द्यावा ही नम्र विनंती.’ वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला यातून कुठे जायचे, काय पाहायचे, काहीच मिळत नाही. तोच शेतकरी तोंडाने सांगतो तेव्हा सगळे असते: गट क्रमांक, सोयाबीन, एक हेक्टर वीस आर, परवा रात्री ओढ्याचे पाणी शिरले, पीक अजून पाण्यात उभे आहे. हेच चार ओळींत लिहून खाली ‘पंचनामा व्हावा’ एवढेच मागितले, तर अर्ज पूर्ण होतो. पीक विम्यात तर २०२४च्या खरीप हंगामापर्यंत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. तिथे ‘अतोनात’ लिहून भागत नसे, दिवस आणि वेळ लागे.

टिप्पणी हा कार्यालयीन लेखनातला सर्वांत अवघड प्रकार. अधिकाऱ्याने निर्णय घ्यावा म्हणून लिपिक ती लिहितो. तिच्यात प्रकरण काय, आधी काय घडले, नियम काय म्हणतो, तरतूद शिल्लक आहे का आणि प्रस्ताव काय, या क्रमाने मजकूर येतो आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. चांगला लिपिक प्रस्तावाची ओळ अशी लिहितो की साहेबांना फक्त ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढेच लिहायचे राहते. कच्चा लिपिक सगळा इतिहास सांगतो आणि ‘योग्य त्या आदेशास्तव सादर’ म्हणून मोकळा होतो. मग फाईल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. ई-ऑफिस आल्यावर कागद हलवायचे कष्ट गेले, पण मोघम टिप्पणी पडद्यावरही तशीच परत येते.

‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’ अशा कर्मणी वाक्यांनी आणखी एक घोटाळा होतो: काम कुणी करायचे हे वाक्यातून निघून जाते. ‘गळती तात्काळ दुरुस्त करण्यात यावी’ यात कोण, कधी, कुणाच्या पैशांनी, यातले काहीच नाही. ‘शाखा अभियंत्यांनी शुक्रवारपर्यंत गळती दुरुस्त करून अहवाल द्यावा’ हे वाक्य तितकेच सभ्य आहे आणि त्यात माणूस आहे.

कंपनीतला कागद

छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी आणि जालन्याच्या पोलाद व बियाणे उद्योगांनी लेखनाची नवी गरज निर्माण केली. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात शिफ्टचे हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीसाठीची नोंद, लिहावे लागते. नेहमीची नोंद अशी: ‘मशीनला प्रॉब्लेम होता, मेंटेनन्सला सांगितले, आता ओके आहे.’ सकाळच्या सुपरवायझरला यातून फक्त धास्ती मिळते. तीच नोंद नीट लिहिली तर अशी होते:

‘सीएनसी ४ रात्री २.१० ते ३.२५ बंद. कूलंट पंप ट्रिप होत होता. ओव्हरलोड रिले रीसेट करून चालू केला, पण मोटर अजून गरम होते. पंप बदललेला नाही. बंद पडण्याआधीचे शेवटचे ४० नग लाल ट्रेमध्ये वेगळे ठेवले आहेत, मोजमाप तपासून घ्यावे. सकाळी मेंटेनन्सकडून पंप बघून घ्यावा.’

यात एकही अवघड शब्द नाही. काय झाले, काय केले, काय राहिले आणि पुढच्याने काय करायचे, हे चार भाग मात्र आहेत. ‘पंप बदललेला नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण न झालेले काम लिहायला धीर लागतो.

वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत ‘एट डी’ अहवाल हा मोठा धडा ठरतो. ग्राहक कंपनीकडून खराब माल परत आला की हा आठ पायऱ्यांचा अहवाल द्यावा लागतो: कोण काम करणार, दोष नेमका काय, तात्पुरता बंदोबस्त काय केला, मूळ कारण काय, कायमचा उपाय कोणता, तो लागू कसा केला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले आणि शेवटी गटाची दखल. बहुतेक अहवाल मूळ कारणापाशी अडकतात. तिथे ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ असे लिहिलेले असते. ग्राहक असा अहवाल परत पाठवतो आणि ते बरोबरच आहे. भाग फिक्श्चरमध्ये (काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात) उलटा बसू शकत असेल, तर कारण फिक्श्चरमध्ये आहे. इथे लेखन आणि विचार वेगळे काढताच येत नाहीत. कारण कळलेले नसेल तर वाक्यही सुचत नाही.

कंपनीतले ई-मेल बहुधा इंग्रजीत जातात, आणि तिथे जुने भय नव्या रूपात येते. ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ ही सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ याचीच इंग्रजी आवृत्ती आहे, आणि ‘प्लीज डू द नीडफुल’ म्हणजे ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. दोन्हीकडे मोघमपणा तोच. आधी मराठीत मुद्दा पक्का करून मग साध्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहिणाऱ्याची प्रगती लवकर होते. एका मेलमध्ये एकच मागणी, विषयाच्या ओळीत मालाचे नाव आणि तारीख, एवढ्यानेही निम्मे काम होते.

बोली आणि प्रमाण

‘मशीन आवाज करायली’, ‘मी रिपोर्ट लिहायलो’ ही मराठवाड्याची रोजची क्रियापदे. शाळेत ती लाल शाईने खोडली जातात, आणि त्याबरोबर मुलाचा आत्मविश्वासही खोडला जातो. प्रमाण लेखन शिकायलाच हवे; साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१९६२चे १४ आणि १९७२ची ४ भर) त्यासाठीच आहेत. पण बोली ही चूक नव्हे. अनुभवी शिक्षक मुलाला आधी तोंडाने सांगायला लावतात, ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकवतात आणि मग त्याच क्रमाने लिहायला बसवतात. ‘करायली’चे ‘करत आहे’ करायला दोन मिनिटे लागतात. सांगण्याचा क्रम मात्र बोलीतच आलेला असतो, तो हरवू द्यायचा नाही.

शिकण्याच्या जागा

शालेय मराठीत उपयोजित लेखनाला आता बरी जागा आहे. दहावीला पत्रलेखनाबरोबर सारांश, बातमी आणि जाहिरात आहे, पत्रही ई-मेलच्या पद्धतीने लिहायचे असते. बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. अडचण एवढीच की पुष्कळ मुले हे गाईडमधून पाठ करतात. महाविद्यालयांत ‘व्यावहारिक मराठी’ शिकवली जाते. ही महाविद्यालये बहुधा दोन विद्यापीठांशी जोडलेली: छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४).

लिपिकाच्या भरतीसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखन लागते, म्हणून तालुक्याच्या गावीही टायपिंगचे क्लास आहेत. तिथे बोटे तयार होतात, मजकूर नाही. लेखी परीक्षा बहुपर्यायी असल्यामुळे एक परिच्छेदही स्वतःचा न लिहिता उमेदवार कचेरीत पोचू शकतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाल्याने लातूर आणि संभाजीनगरच्या अभ्यासिकांत निबंध लिहिण्याचा सराव परत आला, हे फार चांगले झाले.

संगणकावर युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरे) आणि इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक) शिकणे ही पहिली पायरी. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची रांगोळी होते. फोनवर बोलून टंकलेखन करण्याची सोय ‘आधी बोला’ या पद्धतीला फार पूरक आहे. चॅटजीपीटीसारखी साधने मसुदा देतात, परंतु गट क्रमांक, तारीख आणि पंप बदलला की नाही हे त्यांना ठाऊक नसते. नेमका तोच तपशील आपण दिला नाही की ‘अतोनात नुकसान’ पुन्हा कागदावर येते.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ हा नकळत एक उत्तम शिक्षक ठरला आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम २०१२मध्ये आला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘भ्रष्टाचाराची संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक आणि अंतिम देयक यांच्या प्रती’ मागणाऱ्याला काय मिळायचे ते ठरलेले असते.

इतिवृत्त

गावपातळीवर याला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. ग्रामसभेचे, सोसायटीचे, बचत गटाचे प्रोसिडिंग बुक असते; त्यात ठरावाचा क्रमांक, ठरावाचे शब्द, सूचक आणि अनुमोदक यांची नावे आणि शेवटी सह्या-अंगठे. कोरी पाने सोडून आधी सह्या घेण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे, आणि पुढचे वाद तिथूनच सुरू होतात. काही बचत गटांत मात्र सचिव बाई बैठक उठण्याआधी लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवते. कर्ज कुणाला, किती, हप्ता केव्हापासून. ज्यांना वाचता येत नाही अशा बायका कान देऊन ऐकतात, आकडा चुकला की तिथल्या तिथे थांबवतात, आणि दुरुस्ती झाल्यावरच अंगठा उठतो.