चांगथांगची हवा आणि आपली झूम लेन्स

लडाखला चाललाच आहात तर दोन दिवस चांगथांगच्या पठारावरच्या त्सो मोरिरी तलावासाठी ठेवाच. लेहहून कारू, उपशी, मग सिंधूच्या कडेकडेने चुमाथांग (गरम पाण्याचे झरे रस्त्यालगतच आहेत), माहेचा पूल ओलांडून सुमदो आणि शेवटी तलावाकाठचं कोरझोक गाव. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिणेलाच अडतात, आपल्याकडे सह्याद्रीमागे माण-खटाव कोरडं पडतं तसंच, फक्त इथली भिंत कितीतरी उंच, त्यामुळे लेहला वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस.

तलाव साधारण ४५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. हवा विरळ, शिवाय कोरडी. लांबचा डोंगर जितका धुरकट तितका तो दूर असं आपला मेंदू धरून चालतो, इथे तो धुरकटपणाच नाही, म्हणून समोरचा कियांगांचा कळप हाकेच्या अंतरावर वाटतो आणि लोक गाडीतून उतरून चालायला लागतात. कृपा करून असं करू नका. कियांग म्हणजे तिबेटी रानगाढव, रानगाढवांत सगळ्यात मोठं, पाठ तांबूस आणि पोट पांढरं. ऊन वरून पडतं आणि पोटाखाली सावली येते, पांढऱ्या पोटामुळे ती सावली फिकी पडते आणि लांबून अंगाचा उठावच नीट कळत नाही. तुम्ही पळवलं तर इतक्या कमी गवतावर कमावलेली ताकद त्याची फुकट जाते. इंजिन बंद करून गाडीतच बसा, बरेचदा ते आपणहून चरत चरत जवळ येतात.

आता फोटो. सकाळी दहाच्या पुढे जमीन तापते पण वरची हवा गारच, मग गरम-थंड हवेचे झोत एकमेकांत मिसळतात, प्रत्येक झोत प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो, आणि ६०० एमएमच्या लेन्समधून कियांगचे पाय पाण्यात हलल्यासारखे दिसतात. शटर स्पीड वाढवून किंवा फोकस बदलून हे जात नाही, कारण दोष कॅमेऱ्यात नाहीच. हीटर लावलेल्या गाडीची काच खाली केली की तोच प्रकार अगदी लेन्सच्या तोंडाशी होतो, म्हणून हीटर आधीच बंद करा, काच थोडा वेळ उघडी ठेवा, आत-बाहेरचं तापमान एक होऊ द्या आणि मगच क्लिक करा.

पहाटेची गार हवा स्थिर असते आणि दाटही. पट्टकादंब याचाच फायदा घेतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस इथे पिल्लं काढतात आणि हिवाळ्यात भारतभर उतरतात, आपल्या भिगवणलासुद्धा. त्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं, ट्रॅकर लावलेले पक्षी ७००० मीटरच्याही वर गेलेत, पण हिमालय ओलांडायला ते बहुतेक वेळा रात्र किंवा पहाटच निवडतात, कारण दाट हवेत पंखांना उचल जास्त मिळते आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही.