क्रॉसव्हिल मोटर सर्व्हिसेस

इंग्लंडमधील चेस्टर येथून चालणारी आणि उत्तर वेल्सचा मोठा भाग व्यापणारी पूर्वीची बस कंपनी. जॉर्ज क्रॉसलँड टेलर व त्यांचे फ्रेंच सहकारी जॉर्ज द व्हिल यांनी १९०६ मध्ये ती मोटारगाड्या बनवण्यासाठी काढली. तो धंदा चालला नाही. १९११ मध्ये चेस्टर ते एल्झमिअर पोर्ट बस सुरू झाली आणि कंपनीला तिचा खरा व्यवसाय सापडला.

पहिल्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. गावोगावी छोटे बसवाले उभे राहिले आणि एकाच रस्त्यावर प्रवाशांसाठी चढाओढ लागली. याच काळात क्रॉसव्हिल अँगलसी बेटापर्यंत पोचली. १९२८ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना बस चालवण्याची मुभा मिळताच लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२९ मध्ये क्रॉसव्हिल विकत घेतली. पुढच्या वर्षी निम्मा हिस्सा टिलिंग-ब्रिटिश ऑटोमोबाइल ट्रॅक्शन या बसउद्योगातील बड्या गटाकडे गेला. आता पाठीशी भांडवल होते. रिलची ‘व्हाइट रोझ’, कार्नार्व्हनची ‘यू.एन.यू.’, लँडुडनोची ‘रेड गॅरेजेस’ असे स्पर्धक एकामागून एक विकत घेतले गेले. १९३३ मध्ये रेक्समची वेस्टर्न ट्रान्सपोर्टही सामील झाली.

या खरेदीचे मर्म १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यात आहे. त्यानंतर प्रत्येक मार्गासाठी वाहतूक आयुक्तांचा परवाना लागू लागला आणि आधीपासून त्या मार्गावर असलेल्याला झुकते माप मिळू लागले. नव्या रस्त्यावर जायचे, तर तिथल्या बसवाल्याला विकत घेणे हाच सरळ मार्ग उरला. त्याच्या जुन्या गाड्यांपेक्षा मोल होते ते त्याच्या मार्गाला. याला केवळ गिळंकृत करणे म्हणणे अन्यायाचे होईल: किनाऱ्यावरच्या गर्दीच्या मार्गांच्या कमाईतून डोंगराळ वस्त्यांच्या, क्वचित भरणाऱ्या फेऱ्या चालवता आल्या. प्रवाशाच्या हातची निवड मात्र गेली, हेही तितकेच खरे.

१९४८ मध्ये टिलिंग गटाबरोबर कंपनी सरकारी मालकीची झाली. १९७२ मध्ये शेजारच्या नॉर्थ वेस्टर्न रोड कार कंपनीचे काही मार्ग व आगारे तिच्याकडे आली. १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरची मार्ग-परवान्यांची पद्धत मोडीत काढली. खासगीकरणाच्या तयारीत १९८६ मध्ये क्रॉसव्हिलचे इंग्लंड व वेल्स असे दोन भाग करण्यात आले.