सत्काराची शाल आणि पांघरायची शाल : ग्वाल्हेरच्या हिवाळी ट्रंकेची पार्श्वभूमी

पुण्याहून कुणी डिसेंबरात आमच्याकडे यायचं म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘स्वेटर एक आणू की दोन?’ माझं उत्तरही ठरलेलं असतं. स्वेटर एकच आणा, पण कान, गळा, मनगटं आणि पावलं झाकायची सोय करून या. ग्वाल्हेरची थंडी कॉलरच्या फटीतून शिरते, बाहीच्या तोंडातून शिरते, कानाच्या पाळीला चावते. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरणं इथे नेहमीचं, एखाद्या रात्री त्याच्याही खाली. वर धुकं असं की दुपारी अकरापर्यंत समोरच्या गच्चीवरची दोरी दिसत नाही.

गळा-कान-मनगट झाकायचं हे सामान, ज्याला हल्ली दुकानात ‘विंटर ॲक्सेसरीज’ म्हणतात, आमच्या मराठी घरांत दक्षिणेतून आलेलं नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि तिथेच रुजली. शहराच्या त्या भागाचं नाव आजही लष्कर. दख्खनमधून आलेल्या या माणसांजवळ उबेची दोन वस्त्रं होती, घोंगडी आणि धाबळी. घोंगडी धनगरांची, दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात डोक्यावर, रात्री अंगावर, दिवसा अंगाखाली, सगळ्याला ती एकटी पुरते. धाबळी देवघराची. लोकरीला विटाळ नाही, म्हणून सोवळ्यात चालणारी. दोन्ही अंगाभोवती घ्यायच्या. कानांचा वेगळा विचार दोहोंत नाही, कारण दख्खनच्या हिवाळ्याने तो फारसा करायला लावलाच नाही.

म्हणून आमच्या ट्रंकेतल्या वस्तूंची नावं ऐकली की त्या कुठल्या वाटेने आल्या ते कळतं. मोजा फारसी, शाल फारसी, पश्मिन्यातला ‘पश्म’ म्हणजे लोकर, तोही फारसी. मफलर आणि स्वेटर इंग्रजी. माझी आजी मफलरला शेवटपर्यंत गुलूबंद म्हणायची. त्यातला ‘गुलू’ म्हणजे गळा.

या सगळ्यांत शालीची वाट सर्वांत लांबची. ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालं की आंतरी लागतं. तिथे अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लची कबर आहे. 1602 मध्ये दख्खनहून परतताना वीरसिंह देव बुंदेल्याने त्याला याच परिसरात मारलं. मला तो आठवतो तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त शालीवर स्वतंत्र मजकूर आहे. पूर्वी लोक शाल चार पदरी घडी करून वापरत, आता घडी न घालता नुसती खांद्यावरून घेतात, आणि बादशहांनी ती दुहेरी वापरायला सुरुवात केली आहे, ती फार छान दिसते, असं तो नोंदवतो. सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका मोठ्या दरबारी माणसाला शाल कशी घ्यावी हा लिहून ठेवण्याजोगा विषय वाटला, याचं मला फार अप्रूप आहे. दुशाला म्हणजे दोन शाली पाठीला पाठ लावून जोडलेल्या. विणीची उलटी बाजू दिसत नाही आणि दोन थरांमध्ये हवा अडकते. रूप आणि ऊब एकाच युक्तीत.

मराठी दरबारांनी शाल उचलली ती मानाचं वस्त्र म्हणून. साताऱ्याहून पेशवाईची ‘वस्त्रं’ येत. 1792 मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ई-मुतलक पदाची खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, घेऊन पुण्यात आले. पद मिळणं आणि अंगावर कापड चढणं ही एकच गोष्ट होती. भाषेत ते सगळं साठून राहिलं आहे : शालजोडी, शेला-पागोटं, शाल-श्रीफळ. टोमणासुद्धा सभ्य असला तर तो शालजोडीतला. बिचारं घोंगडं मात्र भिजतच पडलं.

माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. महाराष्ट्रात शाल हळूहळू सत्कारापुरती उरली. व्यासपीठावर खांद्यावर टाकायची, फोटो झाला की घडी, घरी गेल्यावर कपाटाचा वरचा खण. देताना ती पांघरली जाणार आहे असं कुणी धरूनच चालत नाही, म्हणून घेतलीही तशीच जाते, पातळ, चकचकीत, ऊब नसलेली. ग्वाल्हेरात शाल कपडा राहिली, कारण थंडीने तिला कामातून सुटी दिली नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्यात, मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी या आणि श्रोत्यांकडे पाहा. पुरुषांच्या डाव्या खांद्यावरून निघून उजव्या काखेखालून परत डाव्या खांद्यावर गेलेली लोही, म्हणजे साधारण 54 इंच रुंद आणि 108 इंच लांब जाड लोकरी चादर. बायकांची शाल 40 बाय 80 इंचांची, डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली मुठीत धरलेली. गाणं रंगलं की ती मूठ सुटते, दाद द्यायला हात बाहेर येतो आणि थंडी लागताच परत आत जातो. शालीचं माप असं ठरतं, बसल्यावर गुडघे झाकून वर डोक्यापर्यंत यायला हवी. 28 इंची स्टोल दिसायला सुंदर असते, पण या मैफलीत ती टिकत नाही.

चांगली शाल कशी होते ते जवळून पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. पश्मिना येतो लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांच्या आतल्या मऊ लवेतून. कानी शालीवर नक्षी विणताना धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. रंगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी छोट्या लाकडी काड्या असतात, त्याच ‘कानी’, आणि कुठला रंग किती धाग्यांवरून न्यायचा ते ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेलं असतं. एका शालीला महिनोन्‌महिने जातात. युरोपात या शालींचं वेड लागलं, नेपोलियनची पत्नी जोसेफिन त्यांची मोठी शौकीन, आणि 19 व्या शतकात स्कॉटलंडच्या पेस्ली गावातल्या मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या. आपल्या कोयरीला जगभर पेस्ली हे नाव मिळालं ते तिथून. मला ते नाव कधीच आपलंसं वाटलं नाही. आपल्याकडे ती साडीच्या पदरावर, रांगोळीत, हळदीकुंकवाच्या कोयरीत आहे. तिला कोयरीच म्हणावं. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपची मागणी कोसळली, पाठोपाठ 1877 ते 1879 चा काश्मीरमधला दुष्काळ, आणि विणकरांची घरंच्या घरं संपली. त्याआधी 1833 च्या दुष्काळातही काश्मिरी विणकर पंजाबात उतरले होते. अमृतसर आणि लुधियानाच्या लोकरी धंद्याच्या मुळाशी ती माणसं आहेत.

मफलर, विणलेली टोपी, हातमोजे यांची वाट छावणीची. इथे मुरारला इंग्रजांची छावणी होती. 1886 मध्ये किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले, बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. सैन्याच्या जिन्नसांची नावं एकाच लढाईजवळ येऊन थांबतात. 1854 च्या क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावावरून विणलेल्या तोंडझाक्या टोपीला इंग्रजीत नाव पडलं, आपल्याकडे ती माकडटोपी. त्याच लढाईत घोडदळ घेऊन गेलेल्या लॉर्ड कार्डिगनचं नाव पुढून उघड्या स्वेटरला चिकटलं. माकडटोपीला हल्लीची मुलं नाकं मुरडतात. पण कान, मान आणि हनुवटी एकाच वस्तूने झाकणारं दुसरं काही अजून मला दिसलेलं नाही, आणि काळ्या किंवा गडद राखी रंगात, गोंडा न लावता घेतली तर ती देखणीही दिसते.

मग आगगाडी आली. 1881 मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वे सुरू झाली. तोवर कानपुरात 1876 पासून लोकरीची गिरणी चालू होती, तिचा ‘लाल इमली’ हा छाप उत्तर हिंदुस्थानात घराघरांत पोचला. आमच्याकडची लाल काठाची लाल इमली लोही अजून धड आहे. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला, तो भर हिवाळ्यात भरतो आणि मेळ्यातून लोकरीचं काहीतरी आणलं नाही असं वर्ष आमच्या घरी झालं नाही. 1959 नंतर तिबेटी निर्वासित आले. लुधियानाचा माल घेऊन शहरोशहरी हिवाळ्यापुरती दुकानं थाटायची त्यांची रीत पडली, इथेही दर वर्षी तिबेटी बाजार लागतो. शिवाय काश्मिरी शालवाले, पाठीवर गाठोडं घेऊन गल्लोगल्ली फिरणारे. बैठकीत चादर अंथरून गाठोडं सोडायचे आणि आई, काकू, शेजारच्या मामी सगळ्या गोळा व्हायच्या. पैसे हप्त्याने, पुढच्या महिन्यात.

घरचं विणकाम हा वेगळाच अध्याय. दिवाळी झाली की गच्चीवर उन्हात चटया पडत, दोन सुलट दोन उलट करत काठ चढे. सुलट-उलट विणीचा काठ ताणला जातो आणि परत मिटतो, म्हणून मनगट, कमर आणि टोपीचा घेर नेहमी त्याच विणीत. बाजारातला हातमोजा घेतानाही मी आधी मनगटाचा काठ ताणून पाहते. तो मिटला नाही तर मोजा कितीही छान असो, ठेवून द्यायचा.

धाग्याच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, त्याच्या वळणांत हवा अडते आणि तीच ऊब. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही, म्हणून धुक्याच्या सकाळी तिला तोड नाही. ॲक्रिलिक, ज्याला आपल्याकडे वर्षानुवर्षं कॅशमिलॉन म्हणत आले, ते स्वस्त आहे, घरी धुता येतं, कसर लागत नाही. शाळकरी मुलांच्या मफलर-टोप्यांना तेच बरं. फसवणूक होते ती मधल्या मालात. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी ‘पश्मिना’ म्हणून एक शाल आणली. हाताला लोण्यासारखी, रंग सुरेख, पण अंगावर घेतली की ऊब नाही. शेवटी दशीचा एक धागा काढून जाळला. कागद जळाल्याचा वास आला. व्हिस्कोज होतं. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. तेव्हापासून मोठी खरेदी करताना मी दुकानदाराला सरळ दशीचा धागा मागते. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही. आणि शहातूशचा तर विचारही नको. चिरू हरणं मारल्याशिवाय ती लोकर मिळत नाही, आणि तिच्यावर कायद्याने बंदी आहे.

रूपाबद्दल माझी मतं ठाम आहेत. पैठणीवर भरजरी कानी शाल घेऊ नये, दोघींचे पदर भांडतात. पैठणीवर एकरंगी, बारीक काठाची शाल. भरलेली शाल साध्या रेशमावर किंवा चंदेरीवर. पदर दिसू द्यायचा असेल तर शाल उजव्या खांद्यावरून. स्कूटरवर बसणाऱ्यांनी मफलरची टोकं जॅकेटच्या आत घ्यावीत, चाकापासून लांब, आणि हातात विणलेले नव्हे तर चामड्याचे किंवा वारा न शिरणारे मोजे घालावेत. विणीच्या भोकांतून वारा थेट बोटांपर्यंत जातो. पायात आत पातळ सुती मोजा, वर लोकरीचा. संक्रांतीला काळं नेसतो तेव्हा वर काळी नव्हे, कुंकवाच्या रंगाची शाल घ्यावी. चंद्रकळेवर ती फार खुलते.

आजीची शाल गर्द हिरवी आहे, काठाला कोयऱ्या. होळीनंतर ती उन्हात दाखवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यात ट्रंकेत जायची. डांबरगोळ्या ती कधी कापडाला टेकू द्यायची नाही, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायची. तरी एके वर्षी कसर लागलीच. काठाजवळ रुपयाएवढं भोक पडलं. रफूवाल्याने त्याच शालीच्या आतल्या काठातून धागे काढून ते भरलं. उजेडासमोर धरली तरच जागा सापडते. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीने ती समारोहाला नेण्यासाठी मागितली. ‘मावशी, ही तर खूपच महाग असेल, सांभाळून घडी करून नेते,’ म्हणाली. मी तिला उभं केलं, घडी सोडली आणि शाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली मूठ कशी धरायची ते दाखवलं.