डीएनएतल्या चुका आणि म्हातारपण: ही थिअरी आली कुठून

वय वाढेल तशा पेशींच्या डीएनएत चुका साठत जातात आणि त्यामुळे शरीर खिळखिळं होतं, हे हल्ली व्हॉट्सॲपवर असं फिरतं की जणू कालपरवाच शोध लागलाय. पण ही कल्पना गोवा मुक्त व्हायच्याही आधीची आहे.

१९२७ मध्ये हर्मन मुलरने फळमाश्यांवर एक्स-रे सोडून म्युटेशन (म्हणजे डीएनएतली ही चूकच) घडवता येतं हे दाखवलं, पुढे १९४६ चं नोबेल त्यालाच. मग अणुबॉम्बचा काळ आला, रेडिएशनची धास्ती सगळीकडे, आणि रेडिएशन दिलेले उंदीर लवकर मरतात हे दिसतच होतं, तेव्हा १९५८ मध्ये फायला नावाचा फिजिक्सवाला आणि १९५९ मध्ये लिओ झिलार्ड (हो, अणुबॉम्बमागच्या चेन रिॲक्शनवालाच, नंतर बायॉलॉजीत शिरलेला) दोघांनीही म्हटलं की म्हातारपण म्हणजे शरीराच्या पेशींत साठलेलं म्युटेशनच असावं. फिजिक्स-गणितवाली माणसं जेनेटिक्समध्ये घुसायचा तो काळच होता. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी, इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत पण मुळात गणितवाले, त्यांनी १९४४ मध्ये क्रोमोसोमवरची (डीएनएची गुंडाळी) जीन्समधली अंतरं काढायचा फॉर्म्युला दिला, तो कोसंबी फंक्शन म्हणून अजून वापरात आहे. विषय थोडा वेगळा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थिअरीला पहिला दणका बसला १९६१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज गेले त्याच वर्षी. एका जातीच्या गांधीलमाशीत काही नरांना क्रोमोसोमचा एकच संच असतो, काहींना दोन. चुकांमुळेच म्हातारपण येत असेल तर एक संचवाले आधी मरायला हवेत, कारण बिघडलेल्या जीनला दुसरी कॉपीच नाही. रेडिएशन दिल्यावर ते खरंच आधी मेले, पण नुसतं जगू दिलं तर दोघांचं आयुष्य जवळपास सारखंच! मग थिअरी मागे पडली. आणि खरी अडचण मोजायची होती, कारण प्रत्येक पेशीतली चूक वेगळी, हजारो पेशी एकत्र घेऊन डीएनए वाचला की सगळं सरासरीत बुडून जायचं.

सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणं, स्वस्त झालं तेव्हा कुठे चित्र बदललं. २०१५ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटवाल्यांनी चार जणांच्या पापण्यांची चांगली दिसणारी कातडी तपासली, तर जवळपास चौथ्या हिश्श्याच्या पेशींत कॅन्सरकडे नेणारी म्युटेशन्स सापडली, आणि उन्हाने केलेल्या चुकांची खूण वेगळी ओळखता येते. हे वाचलं की किनाऱ्यावर भर उन्हात रापण ओढणारे आठवतातच. मग २०२२ मध्ये सँगरच्याच लोकांनी १६ सस्तन प्राण्यांची आतडी तपासली: उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे ८०० चुका, माणसाच्या फक्त ४७. प्राण्यांच्या आयुष्यात तीसपटीचा फरक, पण मरताना साठलेल्या चुकांत तीनपटीचाच. म्हणजे जास्त जगणाऱ्यांत चुका सावकाश साठतात, आणि थिअरी परत शर्यतीत आली.

तरी मला विचाराल तर नुसता आकडा फसवा आहे. २०२१ मध्येच दिसलं होतं की डीएनए कॉपी करणाऱ्या एन्झाइममध्ये जन्मजात दोष असलेल्या माणसांत चुका कितीतरी जास्त साठतात, कॅन्सरही होतात, पण ती माणसं काही लवकर म्हातारी झालेली दिसत नाहीत. मग भानगड कुठे? बहुतेक यात की एखाद्या पेशीला अशी चूक मिळते जिच्यामुळे ती बाकीच्यांपेक्षा भराभर वाढते आणि शेतात रान माजावं तशी जागा व्यापते. रक्तात हे स्पष्ट दिसतं. २०१४ च्या अभ्यासांत सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून जास्त लोकांच्या रक्तात असे क्लोन (एकाच पेशीपासून माजलेला गट) सापडले, ब्लड कॅन्सर नसताना. आणि २०१७ मध्ये कळलं की अशांना हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असतो, कारण त्या क्लोनमधून तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांत सूज वाढवतात, निदान उंदरांत तरी टेट२ नावाचं जीन बिघडवून हे करून दाखवलंय.